भिक्षापात्र आणि पासपोर्ट : मराठी प्रवासाची एक वगळलेली वाट

मराठी गद्याच्या आरंभीच प्रवासाविषयीची एक मनाई आढळते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना कानडदेशी आणि तेलंगदेशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असे सांगितले. महानुभाव सूत्रपाठाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वचन ठाऊक असते आणि मराठीच्या अभिमानाचा पहिला उच्चार म्हणून ते वारंवार उद्धृत होते. मात्र हे सांगणारे स्वामी स्वतः गुजरातेतून, भडोचहून आलेले होते आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग एकाकी भ्रमणात गेला होता, याकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांनी अनुयायांना घालून दिलेला आचारही घरी बसण्याचा नव्हता. तो अटनाचा होता, चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्याचा होता. पुढे हाच पंथ पंजाब, पेशावर आणि काबूलपर्यंत पोचला. ज्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, त्या गावाच्या परंपरेत परदेशी न जाण्याचा आदेश आणि परदेशी जाण्याचा इतिहास असे दोन्ही एकत्र नांदतात.

या दोहोंपैकी आपण आदेश लक्षात ठेवला आणि इतिहास विसरलो, असे आम्हांस वाटते. पदव्युत्तर वर्गात 'प्रवासवर्णन' हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपली यादी साधारण ठरलेली असते. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९), अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०), आणि नंतर मीना प्रभु यांच्यापर्यंतची समृद्ध परंपरा. ही यादी चुकीची नाही. परंतु तिच्यात परदेशी खेड्यांतून, पदरी पैसा नसताना, यजमानाच्या इच्छेवर जगत हिंडलेल्या मराठी माणसाला जागा मिळालेली नाही. असे प्रवासी झालेच नाहीत असे नाही. निदान दोघांची नावे आपल्याला चांगली परिचित आहेत. धर्मानंद कोसंबी यांनी १९०२ ते १९०४ या काळात नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पाहिला. विनोबा भावे यांनी १९६२ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा केली. पहिल्याचा वृत्तांत आपण आत्मचरित्राच्या खणात ठेवला, दुसऱ्याचा सर्वोदयाच्या. प्रवासाच्या खणात दोन्ही आले नाहीत. ते का आले नाहीत आणि आल्यास आपल्या 'प्रवासवर्णन' या संकल्पनेचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

नागपुरात बसून हा प्रश्न विचारण्याला एक स्थानिक कारणही आहे. कोसंबींचा देहान्त ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे झाला, विनोबांचा १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे. दोन्ही गावे वर्ध्याच्या परिसरातली. दोघांनीही अखेरीस अन्नत्याग केला होता. या दोन मृत्यूंविषयी वेळोवेळी बरेच लिहिले गेले आहे. आम्हांस येथे त्यांच्या चालण्याविषयी आणि मागण्याविषयी बोलावयाचे आहे.

कोसंबींचा मार्ग

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी, सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शालेय शिक्षण असे फारसे झाले नाही. मराठी नियतकालिकातून वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांच्या मनाचा ताबा घेतला आणि १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर आणि काशी असा हा मार्ग होता. काशीत संस्कृत शिकताना निर्वाहाचा आधार अन्नछत्राचा होता, आणि तेथील अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी असत. म्हणजे प्रवासाच्या या पहिल्या टप्प्यावर त्यांना जेवू घालत होती ती त्यांची जात. पुढच्या टप्प्यांशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळात गेले. त्या काळी नेपाळ परकीयांना जवळजवळ बंद होता. राणांच्या राजवटीत खोऱ्यात शिरण्यास परवाना लागे. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठी वाट मोकळी होई. रक्सौलपर्यंत आगगाडी, तेथून तराईचे जंगल, भीमफेदीची चढण आणि चंद्रागिरी ओलांडून काठमांडूचे खोरे, असा यात्रेकरूंचा प्रघातातला मार्ग होता. कोसंबी बुद्धधर्म शोधावयास गेले होते. जे दिसले त्याने ते निराश झाले. ही निराशा आम्हांस महत्त्वाची वाटते. प्रवासी बहुधा जे शोधावयास जातो ते त्याला सापडतेच, कारण त्याला हवे ते दाखवणारे वाटाडे वाटेवर तयार असतात. कोसंबींजवळ वाटाड्याला देण्यासारखे काही नव्हते आणि सापडले नाही हे कबूल करण्यास त्यांना संकोचही नव्हता.

तेथून बुद्धगया, कलकत्ता, मद्रास अशा वाटेने ते त्याच वर्षी सिंहलद्वीपात पोचले. कोलंबो येथील विद्योदय परिवेणात (स्थापना १८७३) हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांजवळ त्यांनी पालीचे अध्ययन आरंभिले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. येथे त्यांच्या प्रवासाचे स्वरूप मुळातून पालटते. श्रामणेराच्या दहा शीलांपैकी दहावे शील सोने-रुपे न स्वीकारण्याचे आहे. आजवर पैसा नव्हता तो गरिबीमुळे, यापुढे तो नसणार होता नियमाने. प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांना मद्रासेस परतावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. इरावती नदीच्या काठी, मंडालेच्या पलीकडे सगाईंगच्या टेकड्या आहेत. तेथील गुहांत ञाणतिलोक या जर्मन भिक्षूसमवेत त्यांनी ध्यानाभ्यास केला. गोव्यातल्या खेड्यातून निघालेला एक मराठी माणूस आणि जर्मनीहून आलेला दुसरा तरुण ब्रह्मी टेकडीवर शेजारी बसतात, आणि दोघांना समान अशी विद्येची भाषा म्हणजे पाली. विसाव्या शतकाच्या आरंभीचे हे दृश्य आपल्या वाङ्मयेतिहासात कुठेच येत नाही.

ब्रह्मदेश त्या वेळी कारभारापुरता ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. १९३७ मध्ये तो वेगळा झाला. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने कोसंबी 'परदेशी' गेले नाहीत असे कुणी म्हणू शकेल. परंतु भाषा, लिपी, अन्न, पोशाख, घरबांधणी यांपैकी काहीही ओळखीचे नसलेल्या मुलखात सकाळी पात्र हाती घेऊन निघणाऱ्या माणसाला तो परदेश नव्हता असे म्हणणे कठीण आहे. पालीचे उच्चारही तेथे निराळे होते. सिंहली भिक्षू जिथे 'स' म्हणतो तिथे ब्रह्मी भिक्षू 'थ'सारखा ध्वनी काढतो. विद्योदयात शिकलेली भाषासुद्धा कानांना नव्याने शिकवावी लागणार होती.

न बोलता मागणे

भिक्षा या शब्दाचा आपल्याकडील अर्थ आणि थेरवादी विनयातील अर्थ यांत अंतर आहे. आपल्याकडे माधुकरी मागणारा विद्यार्थी दाराशी येऊन हाक देतो. तेथील भिक्षू मागत नाही. तो दाराशी मूक उभा राहतो. कुणी पात्रात घातले तर घेतो, नाही घातले तर पुढच्या दारी जातो. घरे क्रमाने घ्यावयाची, चांगल्या जेवणाचे घर निवडावयाचे नाही. मिळेल ते त्याच पात्रात. दुसऱ्या दिवसासाठी साठवावयाचे नाही. भोजन माध्यान्हीपूर्वी संपले पाहिजे. हे नियम साधकाच्या तृष्णेला आवर घालण्यासाठी आहेत हे खरेच. परंतु प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा एक वेगळाच परिणाम होतो. या प्रवाशाला गाव निवडता येते, घर निवडता येत नाही. गावातले श्रीमंत घर आणि गरीब घर त्याला एकाच सकाळी, एकाच क्रमाने भेटते. उद्याची सोय आज करता येत नसल्याने प्रत्येक दिवशी त्याला पुन्हा गावासमोर उभे राहावे लागते. आणि माध्यान्हीची मर्यादा असल्याने वस्तीपासून फार दूर राहताही येत नाही.

प्रवासवर्णनाच्या तंत्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे दृष्टिकोनच उलटा होतो. सामान्य प्रवासी देश पाहतो. येथे देश प्रवाशाला पाहतो आणि त्याला खाऊ घालावयाचे की नाही ते ठरवतो. निरीक्षणाचा अधिकार यजमानाकडे जातो. ब्रह्मदेशातील खेड्यांत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विहार असे आणि तेथेच गावातली मुले लिहावाचावयास शिकत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही तेथील पुरुषांच्या साक्षरतेचे नवल वाटे. अशा गावात भिक्षू म्हणजे उपरा पाहुणा नसतो. तो गावाच्या व्यवस्थेत आधीच ठरलेल्या जागी येऊन उभा राहतो, त्याची भाषा कुणाला येवो वा न येवो.

आणि याच ठिकाणी काशीच्या अन्नछत्राची आठवण ठेवावी लागते. तेथे जातीने अन्न दिले होते. येथे पात्रात पडणारा घास कुणाच्या घरचा, हे विचारण्याचा अधिकारच उरला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या महाराष्ट्रात नुसत्या चहापानावरून ग्रामण्ये उभी राहत होती आणि विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्ते घ्यावी लागत होती. त्या समाजातून आलेल्या ब्राह्मणाने कुठल्याही घरच्या अन्नावर वर्षानुवर्षे जगणे हा साधा प्रवासातला तपशील नाही. आमच्या मते कोसंबींच्या त्या वर्षांतला खरा सीमोल्लंघनाचा प्रसंग समुद्र ओलांडण्याचा नसून हा आहे.

तरीही येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. भिक्षापात्र जातीपलीकडे नेतेच असे म्हणता येत नाही. ज्या सिंहली संघात कोसंबींनी दीक्षा घेतली, त्यातला स्यामनिकाय गोविगम या वरिष्ठ शेतकरी जातीतील लोकांनाच उपसंपदा देत असे. ज्यांना ती नाकारली गेली, त्या जातींतील भिक्षूंनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात समुद्र ओलांडून ब्रह्मदेशाची तेव्हाची राजधानी अमरपूर गाठली, तेथे उपसंपदा घेतली आणि परत येऊन अमरपूरनिकाय स्थापन केला. म्हणजे ज्या समुद्रमार्गाने ब्रह्मदेशाची वाट धरावयाची, तो जातीच्या अडसरामुळे शंभर वर्षांपूर्वीच चालता झाला होता. परदेशी जाणे ही काहींची जिज्ञासा असते, काहींची निकड.

दुसरी गोष्ट घराची. कोसंबी निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक होती. सुमारे सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते गोव्यास परतले. या सात वर्षांत पात्रात पडणाऱ्या प्रत्येक घासाची दुसरी बाजू सांखवाळच्या परिसरातल्या त्या घरात होती. निष्कांचन पुरुषप्रवाशाच्या स्वातंत्र्याचा हिशेब मांडताना आपण ही बाजू सहसा जमेस धरत नाही. पंडिता रमाबाईंचे बालपण याच प्रकारच्या भटकंतीत गेले. पुराणे सांगत, दक्षिणेवर जगत हिंडणारे त्यांचे कुटुंब १८७० च्या दशकातील दुष्काळात उपासमारीला सामोरे गेले, आणि आई-वडील त्यातच गेले. देणाऱ्याकडेच काही उरले नाही की मागणाऱ्याचा प्रवास कुठे संपतो, याचा तो दाखला आहे. रमाबाई पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि जवळपास तीन वर्षे तेथे हिंडल्या त्या व्याख्याने देत, संस्थेसाठी निधी गोळा करीत. त्यांचा हा दुसरा प्रवास पहिल्याचे उत्तर म्हणून वाचता येतो. कोसंबींचा 'निवेदन' (१९२४) हा ग्रंथ आणि रमाबाईंचा अमेरिकेवरील ग्रंथ, दोन्ही मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत नेले. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत असे त्यांच्या कामातून आपोआप सुचते.

विनोबा सीमेपलीकडे

साठ वर्षांनंतरचा काळ वेगळा होता. आता पासपोर्ट होते, सीमा होत्या आणि एका देशाचे दोन झालेले होते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी मागितलेल्या ऐंशी एकरांच्या उत्तरादाखल रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाचा आरंभ झाला. विनोबा त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षे चालत राहिले आणि एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले. चक्रधरांनी जिथे जाऊ नये म्हटले त्या तेलंगदेशातच आपल्या काळातील सर्वांत मोठ्या मराठी पदयात्रेला तिचे प्रयोजन सापडले, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. आणखी एक योगायोग असा की विनोबांचे गागोदे आणि गोडसे भटजींचे वरसई ही दोन्ही गावे रायगडातल्या पेण तालुक्यातच येतात.

१९६२ साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी १ जून रोजी सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीतील गांधीसमाधीपासून पायी निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करीत मॉस्को, पॅरिस, लंडन आणि अखेर वॉशिंग्टन येथे ते पोचले. निघण्यापूर्वी विनोबांनी त्यांना सांगितले होते की बरोबर पैसा घेऊ नये. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. पैसा असला म्हणजे थकलेला माणूस खाणावळ आणि मुक्कामाची जागा शोधतो. तो नसला म्हणजे माणूस शोधावा लागतो. ज्याच्या घरी उतरावयाचे त्याच्याशी बोलणे मग टळत नाही. विनयपिटकातील नियमाचे हे आधुनिक रूप म्हणावे लागेल. फरक इतकाच की तेथे हेतू साधकाच्या मुक्तीचा होता, येथे दोन अनोळखी माणसांत संवाद घडविण्याचा.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विनोबा स्वतः सीमा ओलांडून गेले. आसामात सुमारे दीड वर्ष हिंडल्यानंतर पश्चिम बंगालकडे जाताना त्यांनी मधला पूर्व पाकिस्तान टाळला नाही. रंगपूर आणि दिनाजपूर या जिल्ह्यांतून सुमारे सोळा दिवस ते चालले. याच महिन्यात त्यांच्या वयाला सदुसष्ट वर्षे पूर्ण झाली. पाकिस्तानात अयुबखानांची राजवट होती. त्याच वर्षी मालदा आणि राजशाही या भागांत जातीय दंगली झाल्या होत्या. तिस्ता, धरला यांसारख्या नद्यांचा, पावसाळ्याअखेरीच्या चिखलाचा, ताग आणि भाताचा हा मुलूख. विनोबांना बंगाली येत होती, कुराण त्यांनी मूळ अरबीतून अभ्यासले होते आणि त्यातील निवडक आयतांचा त्यांचा संग्रह याच सुमारास सिद्ध झाला. त्यांच्या यात्रेतल्या सभांत मौन प्रार्थना असे. प्रार्थना कोणत्या भाषेत करावी हा वाद ज्या भूमीवर पेटू शकतो, तेथे मौनाची उपयुक्तता वेगळी सांगावयास नको.

विनोबांनी तेथे जमीन मागितली आणि त्यांना जमीन मिळाली, त्याच देशातल्या भूमिहीनांसाठी. या घटनेचे वजन समजण्यासाठी त्या जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. १९४६-४७ मध्ये याच दिनाजपूर-रंगपूर भागांत तेभागा चळवळ सर्वांत जोमाने झाली होती. अर्धेलीने राबणाऱ्या कुळांची मागणी होती की पिकाचे तीन वाटे करून दोन आमचे असावेत. पूर्व बंगालच्या १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपवली आणि कुटुंबामागे शंभर बिघ्यांची कमाल मर्यादा घातली. १९६१ मध्ये अयुबखानांच्या काळात ती ३७५ बिघ्यांपर्यंत वाढवली गेली. म्हणजे कायदा जमीन धरून ठेवणाऱ्याच्या बाजूने नुकताच झुकला होता, आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या, वैरी मानल्या जाणाऱ्या देशातला एक वृद्ध पायी येऊन ती जमीन वाटावयास मागत होता. बांगलादेश झाल्यावर १९७२ मध्ये मर्यादा पुन्हा शंभर बिघ्यांवर आणण्यात आली.

याच रंगपूर-कूचबिहार पट्ट्यात छिटमहल होते. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची बेटासारखी गावे. तेथील माणसाला बाजाराला किंवा दवाखान्यात जाण्यासाठी नकाशाप्रमाणे परदेशातून जावे लागे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी या गावांची अदलाबदल केली, तोवर ही स्थिती कायम होती. परदेशातील खेड्यांतून चालणे हा आपल्या दृष्टीने साहसाचा किंवा साधनेचा विषय असतो. तेथल्या शेतकऱ्याचे ते रोजचे जगणे होते, आणि त्याचे प्रवासवर्णन कुणी लिहीत नव्हते.

कोसंबींच्या बाबतीत घेतली तीच सावधगिरी येथेही घ्यावयास हवी. विनोबांची यात्रा एकट्या अनाम प्रवाशाची नव्हती. तिच्यामागे दोन सरकारांची संमती होती, वृत्तपत्रांचे लक्ष होते, कीर्ती होती. सामान्य माणसाला ही सीमा त्याप्रमाणे ओलांडता आली नसती. भारतात भूदानात मिळालेल्या चाळीस लाखांहून अधिक एकरांपैकी बरीच जमीन नापीक निघाली किंवा वाटली गेलीच नाही, ही टीकाही खोटी नाही. पूर्व पाकिस्तानातील सोळा दिवसांनी दोन देशांचे संबंध बदलले असा दावा कुणी करू नये. महिन्याभरातच, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने आक्रमण केले आणि देशाचे सारे लक्ष दुसऱ्याच सीमेकडे वळले. तीन वर्षांनी भारत-पाकिस्तान युद्ध झाले. परंतु एवढे खरे की परदेशी गेलेल्या प्रवाशाने तेथील माणसांना तेथल्याच माणसांसाठी काही द्यावयास लावले, आणि स्वतः काही न घेता तो निघून आला. प्रवासाच्या इतिहासात असे उदाहरण सहज सापडणारे नाही.

वाङ्मयप्रकाराचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे दोन प्रवास आपल्या यादीत का नाहीत? एक उत्तर सोपे आहे. कोसंबींनी आत्मवृत्त लिहिले, स्थळवर्णनाचा ग्रंथ लिहिला नाही. विनोबांनी तर प्रवासाचे पुस्तक लिहिलेच नाही. त्यांची भाषणे इतरांनी टिपली. परंतु हे उत्तर पुरेसे नाही, कारण 'माझा प्रवास' आपण आनंदाने स्वीकारतो. गोडसे भटजीसुद्धा देश पाहावयास निघाले नव्हते. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावयास ते निघाले होते. त्यांचे पुस्तक यादीत आले ते झाशीच्या वेढ्यामुळे. जे इतरांना पाहता आले नाही ते त्यांनी पाहिले म्हणून. म्हणजे आपल्या वाङ्मयविचारात प्रवासवर्णनाची कसोटी 'काय पाहिले' ही आहे. 'कुणाच्या आधाराने पाहिले' हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

तो विचारला तर यादीतल्या पुस्तकांचेही वाचन बदलते. 'अपूर्वाई'तला विनोद ज्या मोकळेपणातून येतो तो मोकळेपणा लेखकाच्या स्वभावाइतकाच त्याच्या प्रवासाच्या व्यवस्थेचाही आहे. काणेकरांच्या पुस्तकाचा विचार करताना तेथील राज्यव्यवस्थेने पाहुण्याला काय दाखवले, हे विचारता येते. रमाबाईंच्या अमेरिकेत यजमान कोण आणि त्यांना रमाबाईंकडून काय हवे होते, हेही. यात या लेखकांचा अधिक्षेप मुळीच नाही. तिकीट काढून गेलेल्या प्रवाशालाही खरे दिसू शकते आणि पात्र घेऊन गेलेल्यालाही भ्रम होऊ शकतो. परंतु खर्च कुणी केला, हा प्रश्न आपण कादंबरीतल्या पात्रांविषयी विचारतो तितक्या सहजपणे प्रवाशाविषयीही विचारावयास हरकत नसावी.

या प्रश्नाचा नागपूरशी असलेला धागा शेवटी नोंदवतो. ब्रह्मदेशाहून परतल्यावर कोसंबी भारतात ज्या बौद्धस्थळी फिरले त्यांत कुशिनारा होते. महावीर भिक्षूंनी तेथे वसविलेल्या आश्रयस्थानाशी पुढे मूळचे ब्रह्मदेशातील चंद्रमणी महास्थविर यांचे नाव कायमचे जोडले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे ते हेच चंद्रमणी. परदेशाहून चालत आलेल्या माणसाला आपल्या गावाने जागा दिली, तर त्यातून काय घडू शकते, याचे उत्तर या शहराने स्वतःच पाहिले आहे. आपण कोसंबींचे तेथे जाणे वाचतो तेव्हा चंद्रमणींचे येथे येणेही त्याच वाटेवरचे आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेत 'निवेदन'मधील नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश यांवरील प्रकरणे ठेवावीत. त्यांच्या आधी महानुभावांच्या अटनाचे आणि भिक्षेचे नियम वाचावेत, आणि नंतर विनोबांच्या पूर्व पाकिस्तानातील दिवसांची टिपणे. त्यासोबत विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा : या प्रवाशाला कुणी जेवू घातले, आणि जेवू घालणाऱ्याविषयी पुस्तकात किती ओळी आहेत? इतर भाषांतील आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतील अशी उदाहरणे जाणकारांना ठाऊक असतील. त्यांनी यात अवश्य भर घालावी.